राग नावाची कात्री

मित्रांनो, तुमच्यासमोर काचेच्या विटेसारखा दिसणारा एक ठोकळा आहे. त्याच्या पोटात मी आहे. मी एक जुनी कात्री आहे, शिवणकामाची, लांब पात्यांची, काळ्या मुठीची. माझी पाती थोडीशी उघडी आहेत. ती ना मिटतात, ना पुरती उघडतात. तुम्ही जवळ येता, नाक टेकवता, तुमचा श्वास ठोकळ्यावर उमटतो आणि विरून जातो. मग तुम्ही खालची पाटी वाचता आणि पुन्हा माझ्याकडे पाहता. त्या पाहण्याची मला सवय झाली आहे. पण त्या पाटीमागे काय घडलं ते तुम्हाला कुणी सांगणार नाही, म्हणून मीच सांगते.

माझी दोन पाती दोन वेगवेगळ्या भट्ट्यांत तापली. त्यांची ओळख नंतर झाली. एका म्हाताऱ्या कारागिराने दोघांना एकावर एक ठेवलं, मधे खिळा ठोकला आणि मला कानाशी नेऊन उघडमीट केली. आवाज त्याला पसंत पडला नाही. त्याने खिळा जरा सैल केला, पुन्हा ऐकलं, आणि म्हणाला, "हं, आता बोलते बघ." तेव्हापासून मी एक झाले.

दुकानाच्या कपाटात बरेच दिवस पडून होते. एक दिवस एक तरुण बाई आली. ती दुसऱ्यांच्या दुकानात काजं करून, हातशिलाई घालून कंटाळली होती आणि आता स्वतःचं दुकान थाटणार होती. दुकानदाराने तिच्यासमोर चकचकीत कात्र्या मांडल्या. तिने पिशवीतून एक चिंधी काढली आणि प्रत्येकीला तिच्यावर चालवून पाहिलं. मला हातात घेतल्यावर तिने चिंधी कापली, आणि मग उगाचच आणखी एकदा कापली. मी तिची झाले.

तिचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. रस्त्याकडे दार, खिडकीपाशी मशीन, मधे कापड बेतायचं लांब टेबल. मागे एक जाड पडदा आणि पडद्यामागे सगळा संसार. नवरा मालाच्या ट्रकवर चालक. तो आज इथे तर उद्या तिथे. घरात असला की झोपलेला असे, नाहीतर शिट्टी वाजवत गाडी धूत असे. त्यामुळे दुकान, चूल आणि लेक हे सगळं तिच्या एकटीच्या अंगावर होतं.

मित्रांनो, ते दिवस माझ्या सुखाचे होते. ती खडूने रेघ मारायची, तोंडात टाचण्या धरायची आणि मला कापडात सोडायची. सुती कापडात मी करकर चालायचे, लोकरीत दबक्या पावलांनी, आणि रेशमात मला थांबवणं अवघड व्हायचं. तिचा अंगठा जरासा वळला की मी वळायचे. गळ्याचा घेर असो की बाहीची गोलाई, दुसऱ्यांदा कातरायची वेळ येत नसे. "हिची कात्री चुकत नाही," असं गिऱ्हाइकं एकमेकींना सांगायची. मी ते टेबलावर पडल्या पडल्या ऐकायचे आणि फुगायचे. घरात मला हात लावायची कुणाची टाप नव्हती. एकदा तिच्या नवऱ्याने मला घेऊन वर्तमानपत्र कापलं. त्या दिवशी त्याला जेवण मिळालं, पण बोलणं मिळालं नाही.

तिची लेक चिंध्यांच्या टोपलीतच वाढली म्हणा ना. तिचं खरं नाव कुणी घेत नसे. सगळे तिला ठिपकी म्हणायचे, कारण तिच्या अंगावर कुठे ना कुठे शाईचा, रंगाचा, नाहीतर कोळशाचा ठिपका असायचाच. ती भिंतीवर चित्रं काढायची, खडूने फरशीवर काढायची, पिठात बोट फिरवून काढायची. आई ओरडायची आणि मग भिंत पुसायच्या आधी क्षणभर बघत उभी राहायची. ते मला टेबलावरून दिसायचं. ठिपकीला दिसत नसे, कारण तोवर ती पळालेली असे.

एकदा एका श्रीमंत घरातली बाई लेकीच्या लग्नाचा झगा शिवायला टाकून गेली. मलईच्या रंगाचं सॅटिन होतं, हात लावला तरी डाग पडेल असं. ही बाई गल्लीत सगळ्यांना माहीत होती. तिची जीभ तिखट होती आणि हात त्याहून. घरी कामाला येणाऱ्या मुलीच्या तिने भर रस्त्यात थोबाडीत मारली होती आणि ते सगळ्यांनी पाहिलं होतं. माझ्या मालकिणीनेही.

मालकिणीने सॅटिन टेबलावर पसरलं, खडूच्या रेघा मारल्या आणि चुलीवरचं दूध उतू जाईल म्हणून ती आत गेली. तेवढ्यात ठिपकी आली. हातात शाईचं पेन होतं. इतका मोठा, इतका गुळगुळीत, इतका कोरा कागद तिने कधी पाहिला नव्हता. ती स्टुलावर चढली आणि काढू लागली. मी तिच्या कोपराजवळच पडले होते. तिने घोडे काढले. निळे, मान ताठ केलेले, एकामागे एक पळणारे. शाई कापडात पसरत होती आणि घोड्यांना आपोआप आयाळ फुटत होती. खरं सांगते, फार सुरेख होते.

"आई, बघ ना, पळतायत!" ती ओरडली.

पडदा सरकवून मालकीण आली आणि जागच्या जागी थिजली. आणि त्याच वेळी रस्त्यातून त्या बाईचा आवाज आला. शेजारच्या भाजीवाल्याशी घासाघीस चालली होती. म्हणजे आता ती दोन पावलांवर होती.

मालकिणीने दाराकडे पाहिलं. मग लेकीकडे पाहिलं. मग मला उचललं आणि घोड्यांच्या कडेने सॅटिनमध्ये घुसवलं. तिने मला तसं कधी चालवलं नव्हतं. रेघ नाही, माप नाही, सरळ खचाखच. घोडे कापून निघाले. तिने तो तुकडा बोळा करून मशीनच्या पायडलखाली सारला. ठिपकीच्या तोंडून एक बारीकसा आवाज निघाला. तिने आईच्या हातात मला पाहिलं, आईचा चेहरा पाहिला, आणि ती स्टुलावरून उडी मारून मागच्या दाराने पळाली.

ती पळाली आणि पुढच्या दारातून ती बाई आत आली.

"अगं बाई! हे काय केलंत?"

"कात्री चुकली," मालकीण म्हणाली. "माझं लक्ष नव्हतं. चूक माझी आहे. मी नवं कापड आणून देते."

"चुकली? तुमची कात्री चुकली? अहो, तुमचं नाव ऐकून आले ना मी!"

मग ती जे बोलायला लागली ते थांबेचना. गल्ली गोळा झाली. भाजीवाला तराजू हातात घेऊन दारात आला. मालकीण मान खाली घालून उभी होती आणि तिची बोटं माझ्या मुठीत इतकी आवळलेली होती की मला तिची नाडी लागत होती. मी चुकले नव्हते. जन्मात कधी चुकले नव्हते. तरी त्या वेळी माझ्यावर आलेला तो आळ मला मुळीच जड वाटला नाही. माझ्या नावावर जर एक पोर वाचत असेल तर वाचू दे, असंच मला वाटलं.

पण मित्रांनो, मी गोड करून सांगणार नाही. मालकीण रागावली होती. चांगलीच रागावली होती. दिवेलागणीला ठिपकी परत आली, तेव्हा आईने तिच्यापुढे ताट आदळलं आणि म्हणाली, "आजपासून माझ्या टेबलापाशी फिरकायचं नाही." बस, एवढंच. ठिपकीने मान हलवली. आईला वाटलं, लेक पडद्यामागे उभी होती, तिने सगळं ऐकलं आहे. आणि लेकीने जे पाहिलं होतं तेच ती धरून बसली. मला दोन्ही बाजू ठाऊक होत्या, पण मला कोण विचारणार?

त्यानंतर लग्नाचे कपडे आमच्याकडे येईनासे झाले. त्या बाईने गावभर डांगोरा पिटला. येत होत्या त्या उसवलेल्या शिवणी, तुटलेल्या चेनी आणि आखूड करायच्या विजारी. नंतर तर तयार कपड्यांची दुकानं झाली आणि मशीनवर चादर पडली. मालकिणीची बोटं सांध्यांत सुजू लागली. मी खणात गेले, सुट्या बटणांच्या आणि गंजलेल्या टाचण्यांच्या संगतीला. कधीमधी कुणीतरी मला काढून दुधाची पिशवी कापायचं. ज्या पात्यांनी रेशीम कापलं त्यांना प्लॅस्टिक चिकटलं. माझ्या धारेवर गंजाच्या बारीक पुटकुळ्या आल्या.

ठिपकी मोठी झाली, कलाशाळेत शिकायला दूरच्या शहरात गेली आणि तिथेच राहिली. घरी यायची ती पाहुण्यासारखी. आई विचारायची, "जेवलीस का?" ती म्हणायची, "हो." पुढे दोघी खिडकीबाहेर बघत बसायच्या.

एका खेपेला ती म्हणाली, "आई, तुझी ती मोठी कात्री मला देशील?"

मालकिणीचा चेहरा असा काही उजळला म्हणता! जिला सुईत दोरा ओवायचा कंटाळा, ती लेक कात्री मागते आहे. ती त्याच दिवशी मला धारवाल्याकडे घेऊन गेली. त्याच्या सहाणेवरून ठिणग्या उडाल्या, माझा गंज गेला, खिळ्यात तेल पडलं. मला मऊ फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळून तिने लेकीच्या हातात दिलं. "हिने कागद कापू नकोस हं," ती म्हणाली. ठिपकी काहीतरी बोलायला गेली, पण नुसतं "नाही कापणार," म्हणाली. ते खरंच होतं.

मी हरखून गेले होते. नवं टेबल, नवं कापड, तरुण हात! प्रवासभर मी पिशवीत मनातल्या मनात तेच मांडे खात होते.

ठिपकीची काम करायची खोली उंच छताची होती. तिथे टेबलावर माझ्यासारख्याच बऱ्याच वस्तू होत्या. कुणाच्या तरी काकूंचा जाड भिंगांचा चष्मा. बंद पडलेली दारावरची घंटा. एक अंगठा तुटलेली चप्पल. तिच्या वडिलांच्या ट्रकचा भोंगा. ठिपकी फोनवर मैत्रिणीला समजावून सांगत होती, "रोजच्या वस्तू गं. घराघरातल्या. प्रत्येक वस्तूत एक भावना अडकलेली असते ना, ती मला दाखवायची आहे. घंटेत वाट पाहणं आहे. चपलेत लाज आहे." मग ती जरा थांबली आणि म्हणाली, "कात्रीत राग आहे. आईचा."

मला ओरडावंसं वाटलं. पण कात्रीचं बोलणं कापडाशिवाय होत नाही आणि तिथे कापड नव्हतं.

तिने मला थोडंसं उघडून बारीक तारांनी एका साच्यात टांगलं. मग वरून काहीतरी ओतलं. ते पाण्यासारखं स्वच्छ आणि मधासारखं घट्ट होतं. रेझिन म्हणतात त्याला. आधी ते माझ्या टोकांना लागलं. मग पात्यांमधून वर चढलं. खिळ्याच्या फटीत शिरलं. धारवाल्याने घातलेलं तेल त्याने बाजूला सारलं. शेवटी मुठीच्या कड्यांत भरलं, जिथे तिच्या आईची बोटं असायची तिथे. मग ते तापू लागलं. मला वाटलं भट्टीत परत चालले. आणि तापता तापता ते घट्ट झालं. मी हलायला गेले. केसभरही हलले नाही. एक हवेचा बुडबुडा खिळ्याजवळ अडकला होता, तो आजही तिथेच आहे. आमचं दोघांचं बरं जमतं.

प्रदर्शन भरलं. मला पांढऱ्या चौथऱ्यावर ठेवलं, वरून दिवा सोडला, खाली पाटी लावली. 'राग'. लोक यायचे आणि आवाज खाली करून बोलायचे. "पाती बघ ना, कशी उघडी आहेत," कुणी म्हणायचं. "अंगावर काटा येतो." एका लहान मुलीने पहारेकरी काकांना विचारलं, "हिने कुणाला मारलं का हो?" काका हसून म्हणाले, "मारलं असेल. म्हणून तर कोंडून ठेवलीये." त्यांनी गंमत केली हे मला कळलं. तरी मित्रांनो, आयुष्यभर सरळ रेघेत चाललेल्या कात्रीला ते लागणारच. पूर्वी एकदा मी माझ्या नावावर आळ घेतला होता, तेव्हा तो कशासाठी आहे ते मला ठाऊक होतं. हा मात्र माझ्या मालकिणीवरचा आळ होता आणि मी त्याचा पुरावा म्हणून दिव्याखाली उभी होते. मान फिरवायलाही जागा नव्हती.

ठिपकीने आईला बोलावलं नव्हतं. पण आईला कुणाकडून तरी कळलंच. एका दुपारी ती एकटीच आली, स्वतः शिवलेला ठेवणीतला निळा पोशाख घालून. घंटा पाहिली, चष्मा पाहिला, नवऱ्याचा भोंगा ओळखून हसली. मग माझ्यापाशी आली. तिने मला ताबडतोब ओळखलं. हात पुढे केला. बोटं ठोकळ्यावर आपटली.

"हात लावायचा नाही, मावशी," पहारेकरी काका म्हणाले.

"माझी आहे ती," मालकीण म्हणाली.

"सगळ्यांना तसंच वाटतं बघा," काका समजुतीने म्हणाले. "काल एक गृहस्थ त्या चपलेपाशी रडले."

मालकिणीने चष्मा लावला आणि पाटी वाचली. वाचून झाल्यावर पुन्हा वाचली. एकाच शब्दाला किती वेळ लागावा? तेवढ्यात आतल्या खोलीतून ठिपकी धावत आली. कुणीतरी तिला सांगितलं असावं.

"आई! तू? अगं, कळवायचंस तरी."

"राग," आई म्हणाली. "कुणाचा?"

ठिपकी खाली बघू लागली. "तुझा. ते घोडे आठवतात? मी काढलेले. मी तुला दाखवायला हाक मारली आणि तू... तू ते कापून टाकलेस. ते माझं पहिलं खरं चित्र होतं, आई. मला अजून तो आवाज ऐकू येतो."

मालकीण चौथऱ्याला धरून उभी राहिली. "ती बाई दारात होती गं."

"कोण बाई?"

"सॅटिनवाली. भाजीवाल्याशी बोलत होती. ती आत आली असती आणि तुझ्या हातात पेन असतं, तर तिने तुला फोडून काढलं असतं. मी तिला म्हटलं, कात्री चुकली माझी. काय काय बोलली ती मला! तू ऐकलंस ना?"

"नाही."

"पडद्यामागे होतीस ना तू?"

"नव्हते, आई. तू कापायला लागलीस तशी मी पळाले. मागच्या दाराने. अंधार पडेपर्यंत मी पाण्याच्या टाकीमागे बसले होते."

पहारेकरी काका उगाचच दुसऱ्या भिंतीकडे जाऊन उभे राहिले. ठिपकी ठोकळ्याकडे वळली. "म्हणजे तेव्हापासून तुझ्याकडे लग्नाचे कपडे..."

"येणं बंद झालं. होतं असं."

"सांगितलं का नाहीस मला कधी?"

"तुला ठाऊक आहे असंच धरून चालले. आणि ठाऊक असून तू दूर दूर राहतेस, म्हणून मीही जरा अढी धरली." मालकिणीने रुमाल काढला, पण डोळे न पुसता ठोकळ्यावरचे स्वतःच्या बोटांचे ठसे पुसले.

"आणि तो तुकडा? घोड्यांचा?"

"मशीन पुसायला वापरला. तेल छान प्यायचा." ठिपकी रडता रडता हसली आणि मग नुसतीच रडली. त्या दालनात मोठ्याने बोलायची बंदी होती. पण त्यांना कुणी काही म्हणालं नाही.

प्रदर्शन उठलं तसं ठिपकीने मला कामाच्या खोलीत नेलं. या खेपेला आईही बरोबर होती. मला शिकंज्यात आवळलं. करवत फिरू लागली. पांढरा भुगा उडाला, जळका वास सुटला, आणि मित्रांनो, माझ्या पोटात आशा नावाची चीज पहिल्यांदा हलली. करवत जवळ येत होती. आता एक बोट. आता त्याहून कमी. आणि एकाएकी टच्‌ असा आवाज झाला. ठोकळ्यात एक तडा गेला, सरळ खिळ्याच्या दिशेने.

करवत चालवणारे मिस्त्री थांबले. त्यांनी बॅटरी लावून पाहिलं. "पुढे गेलो तर पातं तुटेल, ताई. हे फटीत शिरलंय. कात्री निघेल, पण तुकड्यांत."

"दुसरा काही उपाय?" ठिपकीने विचारलं. तिच्या भुवयांवर भुगा होता.

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

मालकीण पुढे झाली. तिने तड्यावरून बोट फिरवलं. "राहू दे," ती म्हणाली. "मोडू नका तिला."

मी मात्र मनात म्हणत होते, मोडा. तुकडे होऊ द्या, पण बाहेर काढा. हेही मी तुम्हाला खरं तेच सांगते आहे.

पुढे एका संग्रहालयाने या सगळ्या वस्तू मागितल्या आणि आम्ही इथे आलो. पाटी बदलायची का, यावर मायलेकींचं बरंच बोलणं झालं. ठिपकीला 'माया' लिहायचं होतं. आईने ते उडवून लावलं. "राग होता की. ताट आदळलं होतं मी. खोटं कशाला लिहितेस?" शेवटी ठिपकीने जे लिहिलं ते तुम्ही आत्ताच वाचलंत. 'राग. मला एवढंच दिसलं होतं.' मालकिणीने ते वाचलं, मान डोलावली आणि लेकीला विचारलं, "जेवलीस का?"

"नाही," ठिपकी म्हणाली. मग दोघी जेवायला गेल्या.

आता ठिपकी वरचेवर घरी जाते, असं ती इथे येते तेव्हा पहारेकऱ्यांना सांगते. तिने आईला एक नवी कात्री घेऊन दिली आहे. ती हलकी आहे, सुजलेल्या बोटांना झेपते. ऐकून मला बरं वाटलं आणि बरं वाटलंही नाही. संध्याकाळी दिवे मालवतात तेव्हा मी अजूनही एकदा जोर लावून बघते.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. घरातल्या वस्तू वापरा. त्यांना धार लावा, तेल घाला, त्यांच्याकडून काम घ्या. मानाने कोंडून ठेवलेली वस्तूसुद्धा कोंडलेलीच असते. आणि दुसरं म्हणजे, तुमच्याही मनात घरातल्या कुणाची तरी अशी एखादी गोष्ट घट्ट होऊन बसली असेल. तिच्यावर तुम्ही पाटीही लावून टाकली असेल. आज घरी गेलात की त्या माणसाशेजारी जाऊन बसा आणि विचारा, त्या दिवशी काय झालं होतं? कदाचित तुम्ही म्हणता तेच झालं असेल. कदाचित दारात कुणीतरी उभं असेल.

माझ्या पात्यांत रेझिन भरलं आहे, मी विचारू शकत नाही. तुम्ही विचारा.